पाच महिने आलेले तोंड : पेम्फिगस व्हल्गॅरिसच्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

तोंड येणे हा आपल्याकडे आजार मानलाच जात नाही. उष्णता वाढली, पोट साफ नाही, जागरण झाले, अशा एखाद्या कारणावर ते ढकलले जाते, सब्जा, खडीसाखर, ग्लिसरीन किंवा बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या यांवर चार-आठ दिवस निघतात आणि बहुतेक वेळा तोंड आपसूक भरूनही येते. नेमके यामुळेच, जे तोंड भरून येत नाही त्याच्याकडेही घरचे आणि डॉक्टर त्याच सवयीने पाहत राहतात. पुढे दिलेले प्रकरण अशाच एका तोंडाचे आहे. पेम्फिगस व्हल्गॅरिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेच्या पेशींमधले टाके कापू लागते तो आजार, दुर्मीळ असला तरी तो ओळखण्यासाठी लागणारे पहिले साधन म्हणजे काचेची पट्टी, ब्लेड आणि डॉक्टरांचे स्वतःचे बोट. ती साधने प्रत्येक तालुक्यात असूनही या बाईंना निदानासाठी पाच महिने थांबावे लागले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील दिलेले नाहीत.

आधीचे पाच महिने

रुग्ण ४६ वर्षांच्या, सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डाळिंबाच्या पट्ट्यात राहणाऱ्या, घरच्या तीन एकरांत नवऱ्याच्या बरोबरीने राबणाऱ्या बाई. मधुमेह, रक्तदाब, क्षय यांपैकी काहीही पूर्वी नव्हते. मार्चच्या अखेरीस उजव्या गालाच्या आतल्या बाजूला एक जखम झाली. ती भरायच्या आत हिरड्यांवर, मग टाळूवर, मग जिभेखाली अशा जखमा होत गेल्या. गावातील डॉक्टरांनी आधी जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि नंतर बुरशीवरचे औषध दिले. बुरशीच्या औषधाने तीन-चार दिवस थोडे बरे वाटले, आणि हे समजण्याजोगे आहे, कारण उघड्या जखमांवर बुरशी चढलेलीच असते. तिची आग कमी झाली, मूळ जखम मात्र तशीच राहिली.

बाईंना अनेक वर्षांची मिश्री लावण्याची सवय होती. त्यामुळे जूनमध्ये दंतवैद्यांना कर्करोगाची शंका आली. ही शंका पूर्णपणे योग्य होती आणि त्यांनी तातडीने गालातल्या जखमेचा तुकडा काढून तपासणीला पाठवला, हेही योग्यच होते. अहवाल आला तो असा, की कर्करोग नाही, जुनाट स्वरूपाची दाह असलेली जखम आहे, विशिष्ट निदान करता येत नाही. घरात सुटकेचा नि:श्वास टाकला गेला. मिश्री त्या दिवसापासून सुटली, ती आजतागायत सुटलेलीच आहे. पण तोंड तसेच राहिले आणि ‘कर्करोग नाही’ या वाक्याचा अर्थ घरी ‘काळजीचे काही नाही’ असा घेतला गेला.

तो तुकडा जखमेच्या अगदी मध्यातून घेतलेला होता, हे आम्हाला नंतर अहवालाच्या वर्णनावरून कळले. मध्यभागी बाह्यत्वचेचा थरच उरलेला नसतो, तिथे फक्त दाह आणि भरू पाहणारे ऊतक असते. ज्या थरात हा आजार दिसतो तो थरच काचेवर नसेल, तर कितीही कसलेल्या विकृतिशास्त्रज्ञाला निदान करता येणार नाही. तुकडा जखमेच्या कडेवरून, थोडा शाबूत थर सोबत येईल असा घेतला असता तर बाईंचे दोन महिने वाचले असते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाठीवर, उजव्या बाजूला, पाण्याने भरलेले चार-पाच फोड आले. सगळ्यांनी एकमताने सांगितले की ही नागीण आहे. डॉक्टरांनी विषाणूवरील गोळ्या पाच दिवस दिल्या आणि घरच्यांनी वर काव लावली. दहाव्या दिवशी फोड पाठीच्या मणक्याची रेषा ओलांडून डाव्या बाजूला गेले. नागिणीची दोन्ही तोंडे मिळाली की माणूस दगावतो, ही समजूत आपल्याकडे किती खोलवर रुजलेली आहे हे वेगळे सांगायला नको, त्यामुळे घरात रडारड झाली. वास्तविक नागीण एका बाजूच्या मज्जातंतूच्या पट्ट्यात येते आणि शरीराच्या मध्यरेषेशी थांबते. फोड मध्यरेषा ओलांडत आहेत याचा सरळ अर्थ, ही नागीण नसण्याची शक्यता अधिक, असा होता. जी खूण निदान बदलायला पुरेशी होती तीच खूण घरच्यांना मरणाची खूण वाटली, आणि त्या भीतीपोटी पुढचे काही दिवस मंत्र-उताऱ्यात गेले.

त्यांना आमच्या मोठ्या रुग्णालयात आणण्याचा हट्ट धरला तो सुनेने. ब्लाउज काढताना पाठीची कातडी कापडाबरोबर निघून येते आहे, हे तिने पाहिले होते. बाह्यरुग्ण विभागात ती पहिले वाक्य बोलली ते असे : “मॅडम, फोड फुटून कातडं जातंय असं नाही, फोड नसलेल्या जागेवरचं कातडंसुद्धा जातंय.” पाठ्यपुस्तकात अर्धे पान खर्चून जी गोष्ट सांगितलेली असते, ती या मुलीने एका वाक्यात सांगितली.

पहिल्या तासाभरात

बाईंचे वजन मार्चमध्ये ५७ किलो होते, ते ४८ वर आले होते. “भाकरी राहू द्या, पाणी गिळायचं म्हटलं तरी अंगावर काटा येतो,” असे त्या हळू आवाजात म्हणाल्या. आवाज बसलेला होता. पाठ, छाती, काखा आणि बेंबीभोवती लालसर, ओलसर, कच्च्या जखमा होत्या. अखंड फोड फारच थोडे होते, आणि जे होते ते सैल, लुळे, बोट लावताच सरकणारे होते. केसांत पिवळसर खपल्या होत्या. तोंडात गालांच्या आतल्या बाजू, हिरड्या, टाळू आणि घशाची मागची भिंत, सगळीकडे थर निघालेला होता. एकही अखंड फोड तोंडात नव्हता आणि हेच अपेक्षित आहे, कारण तोंडातला फोड काही तासही टिकत नाही. फोड दिसला नाही म्हणून फोडांचा आजार नाही, असे तोंडाच्या बाबतीत कधीही म्हणता येत नाही.

डोळे तपासले, ते ठीक होते. जननेंद्रियांविषयी विचारले तेव्हा नवऱ्यासमोर बाईंनी नाही म्हणून मान हलवली. नंतर आमच्या निवासी डॉक्टर मुलीने पडदा ओढून, एकटीने बसून पुन्हा विचारले, तेव्हा तिथेही तीन महिन्यांपासून जखमा आहेत आणि लघवी करताना जीव जातो, असे त्यांनी सांगितले. हे त्यांनी सुनेलाही सांगितलेले नव्हते. श्लेष्मल त्वचेचा, म्हणजे शरीराच्या आतल्या ओलसर अस्तराचा, आजार तपासायचा तर तोंड, डोळे, नाक, घसा, जननमार्ग आणि गुदद्वार ही सगळी ठिकाणे पाहावीच लागतात, आणि त्यासाठी थोडा आडोसा, थोडा वेळ आणि दुसऱ्यांदा विचारण्याची तयारी लागते.

पाठीवरील एका जखमेच्या शेजारच्या, वरकरणी निरोगी दिसणाऱ्या त्वचेवर अंगठ्याने आडवा दाब दिला, तेव्हा वरचा थर ओल्या कागदासारखा सरकला. यालाच निकोल्स्कीची खूण म्हणतात. रशियन त्वचारोगतज्ज्ञ निकोल्स्की यांनी १८९० च्या दशकात तिचे वर्णन केले. ही खूण केवळ याच आजारात मिळते असे नाही. औषधांच्या गंभीर रिअॅक्शनमध्ये आणि लहान मुलांच्या काही जंतुसंसर्गांतही ती मिळते. पण पाच महिने न भरलेले तोंड, सैल फोड आणि ही खूण एकत्र आल्यावर संशयाला फारशी जागा उरत नाही.

एका ताज्या फोडाचे छत उघडून त्याचा तळ ब्लेडने हलकेच खरवडला, ते काचपट्टीवर पसरले आणि गिम्सा रंग दिला. अर्ध्या तासात सूक्ष्मदर्शकाखाली उत्तर समोर होते. एरवी एकमेकींना चिकटून, बहुकोनी आकारात बसणाऱ्या पेशी इथे सुट्या, गोल, एकेकट्या पडलेल्या होत्या. प्रत्येकीचे केंद्रक मोठे व गडद, त्याभोवती फिकट वलय, आणि कडेला निळ्या रंगाची दाट किनार. त्यांना अॅकँथोलिटिक पेशी म्हणतात. नागीण असती तर इथे अनेक केंद्रके असलेल्या प्रचंड मोठ्या पेशी दिसल्या असत्या. या तपासणीला झँक स्मीअर असे नाव आहे आणि खर्च काचपट्टी व थोडा रंग एवढाच. पाठीवर फोड आले त्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती झाली असती तर नागिणीचा विषय तिथेच संपला असता. माझे मत असे आहे की सूक्ष्मदर्शक असलेल्या कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी झालीच पाहिजे, आणि ती तिथे होत नाही याची मला मनापासून खंत वाटते.

दोन तुकडे, दोन बाटल्या

पक्क्या निदानासाठी त्वचेचे दोन तुकडे घेतले. पहिला, लहान ताज्या फोडाच्या कडेवरून, शेजारची शाबूत त्वचा सोबत येईल असा, तो फॉर्मलिनमध्ये ठेवला. दुसरा, जखमेपासून एक सेंटिमीटरच्या आतल्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेचा, तो प्रत्यक्ष इम्युनोफ्लुओरेसन्स तपासणीसाठी, म्हणजे त्वचेत अडकलेली प्रतिपिंडे चमकत्या रंगाने पाहण्यासाठी. हा दुसरा तुकडा चुकूनही फॉर्मलिनमध्ये पडता कामा नये, कारण फॉर्मलिनमुळे ज्या प्रतिपिंडांचा शोध घ्यायचा ती ओळखण्याजोगी राहत नाहीत. त्यासाठी मिशेलचे द्रावण वापरतात. ते नसेल आणि प्रयोगशाळेत चोवीस तासांच्या आत पोहोचणार असेल, तर साध्या सलाइनमध्येही तुकडा पाठवता येतो. आमच्याकडे त्या दिवशी मिशेलचे द्रावण संपलेले होते. सलाइनच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘फॉर्मलिन नको’ असे लिहून, बर्फाच्या डब्यातून, रात्रीच्या गाडीने ती पुण्याला रवाना केली. दोन्ही बाटल्या एकाच फॉर्मलिनमध्ये बुडवून पाठवल्याची प्रकरणे मी पाहिलेली आहेत, आणि त्या रुग्णांच्या अंगावर पुन्हा सुरी चालवावी लागली आहे.

पहिल्या तुकड्यात बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या ओळीच्या बरोबर वर फट पडलेली होती. खालची ओळ जागेवर, पण शेजारणींपासून सुटून एकेकटी उभी होती. कबरीवरच्या दगडांची रांग असे तिचे वर्णन केले जाते. दुसऱ्या तुकड्यात आयजीजी प्रतिपिंडे आणि सी-३ हे पूरक प्रथिन पेशीपेशींच्या मधल्या जागेत, मासेमारीच्या जाळ्यासारखे, हिरवे चमकताना दिसले. रक्ताच्या एलायझा तपासणीत, पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या डेस्मोग्लीन या प्रथिनांपैकी डेस्मोग्लीन-३ विरुद्धची प्रतिपिंडे २०० एककांच्या वर आणि डेस्मोग्लीन-१ विरुद्धची ८६ होती. साधारणपणे २० च्या वरचा आकडा सकारात्मक धरला जातो. निदान पेम्फिगस व्हल्गॅरिस, त्वचा आणि श्लेष्मल त्वचा या दोन्हींना ग्रासलेला. तीव्रता मोजण्याच्या पीडीएआय पद्धतीनुसार गुण ५२, म्हणजे आजार तीव्र.

हा आजार तोंडातच आधी का येतो, हा प्रश्न सुनेने विचारला. तिला जे सांगितले तेच इथे लिहिते. गोधडीचे थर टाक्यांनी एकमेकांना धरून राहतात तशा बाह्यत्वचेच्या पेशीही एकमेकींना टाक्यांनी जोडलेल्या असतात. हे टाके ज्या दोऱ्यांचे, त्यांतले दोन महत्त्वाचे दोरे म्हणजे डेस्मोग्लीन-१ आणि डेस्मोग्लीन-३. तोंडात प्रामुख्याने तीन नंबरचा दोरा चालतो. त्वचेत दोन्ही आहेत. वरच्या थरांत एक नंबर जास्त, खालच्या थरांत तीन नंबर जास्त. शरीराची प्रतिकारशक्ती वाट चुकून फक्त तीन नंबरचा दोरा कापू लागली की तोंड उसवते, त्वचेला मात्र एक नंबरचा दोरा सांभाळून घेतो. काही महिन्यांनी एक नंबरविरुद्धही प्रतिपिंडे तयार झाली की त्वचाही उसवते. या बाईंचे मार्च ते ऑगस्ट हे पाच महिने म्हणजे या दोन टप्प्यांमधले अंतर होते. पेम्फिगस व्हल्गॅरिसच्या बहुसंख्य रुग्णांत सुरुवात तोंडापासून होते आणि त्वचेवर फोड यायला आठवडे किंवा महिने जातात. निदानाची खरी संधी त्या मधल्या काळातच असते.

याच ठिकाणी एक फरक सांगायला हवा. वयस्कर माणसांत येणारा बुलस पेम्फिगॉइड हा याचा चुलतभाऊ वाटावा असा आजार आहे, पण त्यात फोड घट्ट, टणक असतात, खाज फार असते, तोंड बहुधा वाचते आणि फट बाह्यत्वचेच्या खाली पडते. हे दोन आजार वेगळे आहेत, हे त्वचारोगतज्ज्ञ वॉल्टर लीव्हर यांनी १९५३ मध्ये सूक्ष्मदर्शकाच्या आधारे दाखवून दिले. त्याआधी दोन्ही एकाच नावाखाली मोजले जात.

नवऱ्याची शंका डाळिंबावरील फवारणीवर होती. कीटकनाशकांशी संपर्क आणि पेम्फिगस यांचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. परंतु एका व्यक्तीच्या आजाराचे कारण म्हणून फवारणीकडे बोट दाखवता येत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितले. तरीही फवारणीच्या दिवशी बाईंनी बागेत जाऊ नये, असा सल्ला दिला. आनुवंशिक कल असतो, पण आजार संसर्गजन्य मुळीच नाही, हे मात्र दोन-तीनदा सांगावे लागले, कारण बाईंचे ताट-वाटी घरात वेगळे काढलेले होते.

उपचार, आणि उपचारांचे धोके

स्टिरॉइड येण्यापूर्वी, म्हणजे १९५० च्या आसपासपर्यंत, या आजाराचे बहुसंख्य रुग्ण काही वर्षांतच दगावत. उघड्या जखमांतून पाणी, प्रथिने आणि क्षार निघून जात, जंतुसंसर्ग रक्तात पसरे, आणि गिळता न आल्याने शरीर खंगत जाई. स्टिरॉइडने हे चित्र पालटले, पण मोठ्या मात्रेच्या दीर्घ वापराने नवीन धोका दारात आणला. भारतात यावर एक स्वतंत्र विचार झाला आणि त्याचा उल्लेख न करता पुढे जाणे योग्य होणार नाही. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८० च्या दशकात पल्स पद्धत रूढ केली. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड १०० मिलिग्रॅम सलाइनमधून सलग तीन दिवस, त्यांतल्या एका दिवशी प्रतिकारशक्ती दाबणारे सायक्लोफॉस्फामाइड ५०० मिलिग्रॅम, आणि हा क्रम दर २८ दिवसांनी. देशभरातील हजारो रुग्ण या पद्धतीने सावरले. आम्ही स्वतः तिच्यावरच शिकलो. आता जिथे परवडते तिथे रिटुक्सिमॅब हे शिरेतून द्यायचे औषध पुढे आले आहे. २०१७ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत, रिटुक्सिमॅब आणि अल्पकाळ स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांपैकी ८९ टक्के रुग्ण दोन वर्षांनी औषधांशिवाय पूर्ण बरे होते. केवळ स्टिरॉइड घेतलेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होते. भारतात २००७ पासून या औषधाची देशी आवृत्ती मिळते, त्यामुळे ते पूर्वीइतके आवाक्याबाहेर राहिलेले नाही. या कुटुंबासाठीही रक्कम मोठीच होती. धाकट्या दिराने गाय विकून हातभार लावला.

दाखल झाल्याच्या दिवशी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज ५० मिलिग्रॅम, म्हणजे वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे एक मिलिग्रॅम, सुरू केले. जखमांतून स्टॅफिलोकोकस जंतू निघाले, त्यासाठी संवेदनशीलता पाहून प्रतिजैविक दिले. हा संसर्ग आटोक्यात येईपर्यंत रिटुक्सिमॅब थांबवून ठेवले.

शुश्रूषेबद्दल थोडे थांबून लिहायला हवे, कारण पहिल्या पंधरवड्यात रुग्णाला तारते ती शुश्रूषाच. चादर पाठीला चिकटत होती आणि प्रत्येक कुशीला थर निघत होता. आमच्या वॉर्डातील ज्येष्ठ परिचारिकेने केळीची पाने मागवली, त्यांचा मधला दांडा काढला, पाने वाफेने निर्जंतुक केली आणि त्यांवर बाईंना निजवले. पान गुळगुळीत असते, जखमेला चिकटत नाही, थंडावा देते आणि रोज बदलून टाकता येते. त्या रात्री बाई कित्येक आठवड्यांनी सलग पाच तास झोपल्या. जखमा फिकट गुलाबी, एकास दहा हजार प्रमाणाच्या पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने हलक्या हाताने ओल्या करून, व्हॅसलीन लावलेल्या जाळीदार कापडाने झाकल्या जात. चिकटपट्टी कोठेही नव्हती, अगदी सलाइनच्या सुईवरही नव्हती, तिथे सैल बँडेज गुंडाळले जाई. तोंडासाठी बेटामेथासोनची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी पाण्यात विरघळवून चुळा भरून थुंकायला सांगितले, बुरशीसाठी क्लोट्रिमॅझोल लावले, आणि जेवणाआधी तोंड बधिर करणारी जेल दिली. तिखट, कडक, गरम हे सगळे बंद केले. मऊ मुगाची खिचडी, ताक, दुधात कुस्करलेली भाकरी, उकडलेले अंडे. प्रथिने वाढवल्याशिवाय त्वचा भरत नाही, हे सुनेला एकदाच सांगितले आणि तिने ते वहीत लिहून काटेकोर पाळले.

चौथ्या दिवशी आमची एक चूक लक्षात आली. सकाळी उपाशीपोटीची साखर रोज बघितली जात होती आणि ती १०५ च्या आसपास होती, त्यामुळे सगळे निर्धास्त होते. सकाळी एकदा दिलेल्या प्रेडनिसोलोनमुळे साखर वाढते ती दुपारनंतर आणि संध्याकाळी. उपाशीपोटीचा आकडा फसवा असतो. बाईंना वारंवार तहान लागते म्हणून संध्याकाळी साखर पाहिली तर ती ३१२ होती. इन्सुलिन सुरू केले आणि त्या दिवसापासून वॉर्डात स्टिरॉइडवरच्या प्रत्येक रुग्णाची दुपारच्या जेवणानंतरची साखर पाहणे सक्तीचे झाले.

रिटुक्सिमॅबपूर्वीच्या तपासण्यांत छातीचा एक्स-रे, क्षयाची रक्तचाचणी, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी ठीक निघाले. हिपॅटायटिस बीचा नेहमीचा पृष्ठभाग-प्रतिजन नकारात्मक होता. बऱ्याच ठिकाणी तपासणी इथेच थांबते. आम्ही विषाणूच्या गाभ्याविरुद्धचे कोअर प्रतिपिंडही तपासले आणि ते सकारात्मक आले. याचा अर्थ हा विषाणू कधीतरी, बाईंच्या नकळत, शरीरात येऊन गेला होता आणि यकृतात सुप्त असू शकत होता. रिटुक्सिमॅब बी-पेशींचा, म्हणजे ज्यांच्यापासून प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी तयार होतात त्यांचा, नायनाट करते. अशा वेळी हा सुप्त विषाणू उसळून यकृत निकामी झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. रक्तातील विषाणूचे डीएनए तपासले, ते आढळले नाही, तरीही हा विषाणू दाबून ठेवणारे एन्टेकाविर रोज अर्धा मिलिग्रॅम सुरू केले. ही गोळी रिटुक्सिमॅबच्या शेवटच्या मात्रेनंतर किमान १२ ते १८ महिने चालू ठेवायची असते. या संपूर्ण प्रकरणात एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर कोणती, असे कोणी मला विचारले तर मी ही एक रक्तचाचणी सांगेन. पेम्फिगस त्वचेवर दिसतो, हा धोका कोठेच दिसत नाही.

बाराव्या दिवशी रिटुक्सिमॅबची एक ग्रॅमची पहिली मात्रा, आधी पॅरासिटामॉल, अॅलर्जीरोधक आणि स्टिरॉइडचे इंजेक्शन देऊन, अत्यंत संथ गतीने सुरू केली. पाऊण तासाने बाईंना थंडी वाजली आणि घसा खाजू लागला. सलाइन थांबवले, अर्ध्या तासाने निम्म्या गतीने पुन्हा सुरू केले, आणि संध्याकाळपर्यंत मात्रा विनासायास पूर्ण झाली. दुसरी मात्रा पंधरा दिवसांनी दिली. सोबत कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि फुफ्फुसाच्या संसर्गापासून संरक्षणासाठी कोट्रायमॉक्झाझोल चालू होते.

घरच्यांना सर्वांत जास्त समजवावे लागले ते हे, की एवढे महागडे औषध देऊनही आठवड्याभरात फरक का नाही. रिटुक्सिमॅब प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या पूर्वजांना मारते. रक्तात आधीच फिरत असलेली आयजीजी प्रतिपिंडे निम्मी व्हायलाच सुमारे तीन आठवडे लागतात. तोवरचा काळ स्टिरॉइडने रेटायचा असतो.

पुढची दोन वर्षे

नवीन फोड येणे चौथ्या आठवड्यात थांबले. सलग दोन आठवडे नवीन फोड नाही आणि जुन्यांपैकी सुमारे ८० टक्के जखमा भरल्या, हे पाहूनच सहाव्या आठवड्यापासून प्रेडनिसोलोन कमी करायला घेतले. अडीच महिन्यांनी २० मिलिग्रॅम, साडेपाच महिन्यांनी ५ मिलिग्रॅम, आणि आठव्या महिन्यात सकाळचे कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवते ते स्टिरॉइड, तपासून पूर्ण बंद. इन्सुलिन तिसऱ्या महिन्यातच सुटले. त्वचा आधी भरली, केसांतल्या जखमांना वेळ लागला, तोंड सर्वांत शेवटी भरले. जखमांच्या जागी व्रण राहिले नाहीत, फक्त गडद डाग राहिले, आणि ते राहणार हे आधीच सांगितलेले असल्याने त्यांनी बाईंना त्रास दिला नाही. वजन वर्षाच्या अखेरीस ५५ किलो झाले.

सोळाव्या महिन्यात सुनेचा फोन आला. डाव्या बाजूच्या खालच्या हिरडीवर तांदळाएवढी जखम होती, आठ दिवस झाले, भरत नाही. या वेळी वाट पाहिली गेली नाही. डेस्मोग्लीन-३ चा आकडा, जो वर्षाअखेरीस १४ पर्यंत उतरला होता, तो ९६ वर गेला होता, डेस्मोग्लीन-१ शांत होते, आणि त्वचेवर काहीही नव्हते. म्हणजे टाके उसवायला सुरुवात पुन्हा तोंडापासूनच झाली होती. रिटुक्सिमॅबची एक ग्रॅमची एकच मात्रा आणि प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅम दिले. सात आठवड्यांत हिरडी भरली, स्टिरॉइड चार महिन्यांत पुन्हा बंद झाले.

या मात्रेमुळे एन्टेकाविरचा हिशोब मात्र नव्याने सुरू झाला. घरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर सुनेने आधी जी शेवटची तारीख लिहून ठेवली होती ती खोडून पुढच्या तारखेने भरली आहे. बाई सध्या दर तीन महिन्यांनी यकृताच्या तपासणीसाठी येतात, आल्यावर खुर्चीत बसायच्या आधी खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून आ वासतात, आणि मी टॉर्च घेऊन दोन्ही गाल, हिरड्या, टाळू आणि जिभेची खालची बाजू बघते. बागेतली फवारणी आता नवरा आणि दीर करतात. भाकरी त्या खातात, पण अजून कडेचा पापुद्रा काढून.